धाकटीचा दरवाजा

सरकारी इमारत एक माणूस काढत नाही. ती बरीच माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांचं तोंड न बघता काढतात. सळईवाला आपले खांब आणि बीम काढतो. हवावाला एसीचे पत्र्याचे डक्ट काढतो. पाणीवाला पाइप काढतो, तारवाला वायरिंग. प्रत्येकाला वाटतं इमारत आपल्यासाठीच बांधली जातेय आणि बाकीचे फुकटे भाडेकरू आहेत. मग हे सगळे नकाशे कॉम्प्युटरवर एकमेकांवर चढवायचे आणि कुठे पाइप बीममध्ये घुसतोय, कुठे डक्ट दाराच्या डोक्यावर बसलाय ते शोधायचं. अशा जागी मशीन लाल ठिपका देतं. ऑफिसात त्याला ‘टक्कर’ म्हणतात. लाल ठिपके संपेपर्यंत एकाला चुचकारायचं, दुसऱ्याला दटावायचं, तिसऱ्याच्या पोराच्या परीक्षेची चौकशी करून त्याची भिंत वीतभर सरकवून घ्यायची, हे थोरलीचं काम. पद सीनियर आर्किटेक्टचं. पाठीमागे सगळे तिला जुळवणीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्या दिवशी नव्या कोर्टाच्या इमारतीची शेवटची बैठक होती. एकच लाल ठिपका उरला होता आणि त्याच्यावरून जेवणाची वेळ टळून गेली होती.

‘‘पॅनेल रूम तळघरात चालणार नाही,’’ तारवाला म्हणाला. ‘‘पाणी शिरलं तर आख्खं कोर्ट अंधारात.’’

‘‘मग इतके दिवस झोपला होतास काय?’’ सळईवाला म्हणाला.

‘‘इतके दिवस तुझा खांब माझ्या खोलीच्या मधोमध उभा होता. रोज त्याला नमस्कार करत होतो.’’

‘‘वरच्या मजल्यावर माझी जागा मागू नका,’’ हवावाल्याने आधीच हात वर केले. ‘‘माझ्या डक्टला इकडे वाक, तिकडे वाक सांगून सांगून त्याचा साप झालाय.’’

मोठ्या साहेबांनी दारातून दुसऱ्यांदा डोकावून बघितलं. घड्याळाकडे बघितलं. थोरलीचं डोकं ठणकत होतं. तिने तळमजल्याचा नकाशा मोठा केला. मागच्या अंगाला एक अरुंद बोळ होता, त्याला बाहेर उघडणारा एक दरवाजा. बोळावर लिहिलं होतं, ‘मार्गिका ३’.

आधी तिथे पूर्ण नाव होतं. पण लांबलचक नावं मापांच्या आकड्यांवर चढत होती, नकाशा घाण दिसत होता, म्हणून सगळी नावं काढून नंबर टाका, असा हुकूम थोरलीनेच दिला होता. नकाशा स्वच्छ झाला. स्वच्छ नकाशाचं तिला फार वेड.

‘‘ही मार्गिका कसली आहे?’’ तारवाल्याने विचारलं.

‘‘असेल काहीतरी सर्व्हिसची,’’ थोरली म्हणाली. ‘‘घाला तुमची पॅनेल रूम तिथे. आणि पुन्हा तोंड दाखवू नका.’’

बोळ गेला. बोळ गेला तसा दरवाजाही गेला. लाल ठिपका विझला आणि पडद्यावर आलं, ‘टक्कर : शून्य’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सळईवाल्याने तारवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. चहा आला. मोठ्या साहेबांनी सह्या घेतल्या आणि नकाशा गोठला. गोठला म्हणजे संपलं. त्यानंतर एक रेघ हलवायची तरी नकाशा पुन्हा सगळ्या खात्यांच्या दारात भीक मागत फिरतो, आणि ज्याच्यामुळे फिरला त्याचं नाव प्रत्येक दारात निघतं.

सरकारी कामात चूक पोरकी असते. तिला आई नसते, बाप नसतो. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे तिचं आडनाव. थोरलीने इतकी वर्षं नोकरी केली होती, तिने कुणालाही ‘चूक माझी’ म्हणताना ऐकलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

घरी आली तेव्हा धाकटी बहीण दारातच उभी होती. दोघी एकत्र राहायच्या. धाकटी सकाळी औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची आणि दुपारी जुन्या कोर्टात जायची. तिथल्या समुपदेशक बाईंबरोबर ती काम करायची. नवऱ्याच्या, सासरच्या विरोधात साक्ष द्यायला ज्या बाया येतात, त्यांच्याशेजारी नुसतं बसायचं, एवढंच काम. पगार नाही.

‘‘गोठला का एकदाचा?’’

‘‘गोठला.’’

‘‘आणि माझा दरवाजा कसाय?’’

थोरलीने एक चप्पल काढली होती, दुसरी काढायची राहिली. मार्गिका ३. नंबर टाकायच्या आधी तिथे काय लिहिलं होतं ते तिला आत्ता, दारात, एका पायावर उभं असताना आठवलं. ‘साक्षीदार प्रवेश’.

जुन्या कोर्टात एकच व्हरांडा आहे आणि एकच बाकड्यांची रांग. ज्याने मारलं तो, जिला मारलं ती, त्याची आई, तिचा भाऊ, दोन्हीकडचे वकील, सगळे एकाच बाकड्यावर मांडीला मांडी लावून. काही वर्षांपूर्वी धाकटीही तिथे बसली होती. नवऱ्याने तिचा हात मोडला होता, डॉक्टरांचा कागद होता, शेजारीण साक्षीला तयार होती. पुकारा व्हायच्या आधी सासू येऊन धाकटीच्या शेजारी बसली. मग पुकारा झाला, धाकटी आत गेली आणि म्हणाली, मी जिन्यावरून पडले. खटला तिथेच बसला. थोरली तेव्हा इतकी भडकली होती की कित्येक दिवस तिच्याशी धड बोलली नाही. इतकं भित्रं असू नये माणसाने, असं तिने तोंडावर सुनावलं होतं. धाकटीने ते ऐकून घेतलं होतं.

नवं कोर्ट थोरलीच्या टेबलावर आलं तेव्हा धाकटीने एकच गोष्ट मागितली होती. ‘‘मागून एक वेगळा दरवाजा दे, ताई. साक्षीला आलेली बाई त्या लोकांच्या समोर न येता आत पोचली पाहिजे. बस्स. बाकी तुझं कोर्ट सोन्याचं कर नाहीतर पत्र्याचं.’’ थोरलीने समुपदेशक बाईंना रीतसर बैठकीला बोलावलं, मागणी नोंदवून घेतली, बोळ काढला, दरवाजा काढला. तेव्हापासून धाकटी जुन्या कोर्टातल्या प्रत्येक रडव्या बाईला सांगत सुटली होती, घाबरू नको गं, नव्या कोर्टात माझ्या ताईने आपल्याला वेगळा दरवाजा ठेवलाय.

‘‘अगं विचारतेय मी. दरवाजा?’’

‘‘आहे,’’ थोरली म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. एक शब्द. खोटं बोलायला माणसाला भाषण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या ती मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

‘‘साहेब, साक्षीदारांचा दरवाजा गेलाय. कालच्या पॅनेल रूमखाली.’’

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं. ‘‘कुणाकुणाला माहितीय?’’

‘‘मला.’’

‘‘मग कुणालाच माहीत नाही. बसा.’’

‘‘मागणी लेखी आहे, साहेब.’’

‘‘मागण्या सगळ्याच लेखी असतात, मॅडम. एका न्यायाधीशांनी झोपाळा मागितला होता, तोही लेखी आहे.’’ साहेब हसले, मग हसणं आवरून पुढे वाकले. ‘‘हे बघा, गोठलेला नकाशा उघडायचा म्हणजे मेलेल्याला उठवून औषध पाजायचं. मंत्र्यांची पायाभरणीची तारीख ठरलीय. खात्यांनी सह्या केल्यात. आणि माझी खुर्ची रिकामी होतेय, तिथे मी तुमचं नाव दिलंय. चुकीच्या वेळी चूक सापडू नये हो माणसाला.’’

‘‘पण त्या बाया?’’

‘‘लॉबीत एक लाकडी आडोसा द्या. छान डिझाइन करा, तुम्हाला जमतं. फर्निचरमधून करून घेऊ, नकाशाला हात लावायला नको. त्यांनी आडोशामागे बसावं. आहे काय त्यात?’’

थोरलीने ‘आडोसा म्हणजे दरवाजा नव्हे’ म्हणायला हवं होतं. तिने ‘बघते’ म्हटलं. खुर्चीचं नाव निघालं तेव्हा पोटात काहीतरी गोड हललं होतं. ते तिचं तिलाच कळलं, आणि किळस आली. पण हललं ते हललं.

तिने आडोसा काढला. असा आडोसा तिने आयुष्यात काढला नव्हता. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल इतका उंच, थोडा वळणदार, खालून उजेड येईल असा. बारीक पट्ट्या, गोलसर कडा. पाप करायचं तर निदान नीटनेटकं करू, असा काहीतरी हिशेब असावा. तारवाल्याने बघितला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, हा एवढा देखणा आहे की लोक मुद्दाम साक्षी द्यायला येतील.’’ ती हसली. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

घरी वेगळीच तऱ्हा. ती धाकटीचे कपडे इस्त्री करायला लागली. तिच्या आधी उठून तिचा डबा भरायला लागली. न मागता तिच्यासाठी चांगल्यातल्या चपला घेऊन आली. धाकटी चपला उलट्या-सुलट्या करून बघत राहिली.

‘‘काय गं, मरणार-बिरणार आहेस का? डॉक्टरांनी काही सांगितलंय?’’

‘‘गप गं. चपला आणल्या तर चौकशी.’’

‘‘नाही, तू इतकी गोड वागलीस की मला धडकी भरते. मागे एकदा माझा आवडता कप फोडून अशीच वागली होतीस.’’

थोरली म्हणाली, ‘‘कप परत आणला होता ना?’’

‘‘आणला होतास. पण तो नव्हता आणलास,’’ धाकटी म्हणाली आणि चपला घालून आरशासमोर फिरून आली.

सांगायला जागा होती. जेवताना, भांडी घासताना, दिवा मालवताना. रोज तिच्या जिभेवर ते यायचं आणि ती पाणी पिऊन टाकायची. आणि धाकटी आपल्या दुपारच्या गोष्टी सांगायची. आज कोण आली होती, कोण व्हरांड्यातूनच परत गेली, कुणाच्या दिराने पायऱ्यांवर थुंकून तिच्याकडे बघितलं. सांगून झालं की म्हणायची, ‘‘जाऊ दे. थोडेच दिवस राहिलेत.’’

मंत्र्यांना कागदावरचं काही कळत नाही, म्हणून मोठ्या साहेबांनी शक्कल काढली होती. पायाभरणीच्या जागेवर आख्खा तळमजला पांढऱ्या फक्कीने जमिनीवर आखायचा. खोल्या, भिंती, दरवाजांच्या जागी फट, प्रत्येक खोलीत पाटी. म्हणजे मंत्री इमारतीतून चालून जातील आणि फोटो चांगले येतील. आखणी तपासायला थोरलीला जायचं होतं.

‘‘मी पण येते,’’ धाकटी म्हणाली. ‘‘बाईंना पण सुट्टी आहे. दोघी येतो.’’

‘‘तिथे धूळ आहे नुसती.’’

‘‘मला काय दम्याचा त्रास आहे?’’

‘‘हेल्मेट घालावं लागतं.’’

‘‘मग दे हेल्मेट. माझं डोकं काही तुझ्याएवढं मोठं नाही, मावेल.’’

आता आणखी काय सांगायचं? खरं सोडून सगळं सांगून झालं होतं.

मैदान सपाट केलेलं होतं. त्यावर पांढऱ्या रेघा उन्हात डोळ्यांवर येत होत्या. कंत्राटदाराचा सुपरवायझर हातात टेप घेऊन धावत आला. समुपदेशक बाई अंगाने भरलेल्या आणि आवाजानेही. त्या हेल्मेट घालून म्हणाल्या, ‘‘मी आता दुचाकीवरून पडायला तयार आहे.’’

‘‘एवढंसंच?’’ धाकटी रेघांकडे बघत म्हणाली. ‘‘मला वाटलं केवढं मोठं असेल.’’

‘‘मोकळ्या जागेवर सगळं लहान दिसतं,’’ थोरली म्हणाली. ‘‘भिंती उभ्या राहिल्या की मोठं वाटेल. ऐक, तुला एक सांगायचंय.’’

‘‘थांब! काही सांगू नकोस. माझा दरवाजा मी शोधणार.’’ धाकटीने नव्या चपला झटकल्या. ‘‘बाई, तुम्ही माझी सासू व्हा. तुम्ही पुढून या, मी मागून येते. बघू भेटतो का.’’

‘‘मी सासू? शोभते खरी,’’ बाई म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून दर्शनी दाराच्या फटीतून आत शिरल्या. ‘‘कुठंय ती अवदसा? आज दाखवतेच तिला!’’

सुपरवायझर तोंडावर हात धरून हसायला लागला. धाकटी मागच्या अंगाला पळाली. थोरलीला दिसत होतं. मागची रेघ अखंड होती. धाकटी तिच्या कडेने चालत होती, फट शोधत. एकदा टोकापर्यंत गेली. परत आली. मध्ये एका पाटीजवळ थांबून तिने पाटी वाचली, ‘पॅनेल रूम’.

थोरली हातातले कागद चाळत राहिली. तोंड उघडलं असतं तर तीन पावलांत गोष्ट संपली असती. तिने कागद चाळले.

‘‘ताई, माझंच काहीतरी चुकतंय,’’ धाकटी ओरडली. ‘‘मी पुढून येते नि आतून शोधते.’’

ती वळसा घालून पुढच्या फटीतून आत आली. लॉबीत बाई उभ्याच होत्या. दोघी नाकासमोर नाक अशा थांबल्या.

‘‘अगं, भेटलोच की आपण,’’ बाई हसत म्हणाल्या. ‘‘आता मी काय बोलू? तुझी सासू काय बोलली होती?’’

धाकटी अजून खेळातच होती. ‘‘शेजारी बसायचं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा, अगदी मायेने. आणि हळूच म्हणायचं, ‘तुझी ताई रोज एकटीच चालत येते ना गं ऑफिसातून? त्या गल्लीत दिवा नाही वाटतं.’’’

बाईंचा वर आलेला हात तसाच राहिला. सुपरवायझरने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली.

‘‘असं म्हणाली होती?’’ थोरलीने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘तू कधी सांगितलं नाहीस.’’

‘‘सांगून काय झालं असतं? तू चालायचं थांबली असतीस?’’ धाकटी म्हणाली. मग तिने आजूबाजूला बघितलं. ‘‘दरवाजा कुठंय, ताई?’’

थोरली काही बोलायच्या आत सुपरवायझर पुढे झाला. बिचाऱ्याला मदत करायची होती. ‘‘साक्षीदारांसाठीचं विचारताय का? मॅडमनी इथे आडोसा दिलाय ना. हे बघा.’’ त्याने लॉबीच्या कोपऱ्यातली तुटक, वळणदार रेघ दाखवली. ‘‘लाकडी पट्ट्यांचा, फार सुंदर आहे. मी चित्र बघितलंय.’’

धाकटी जाऊन त्या रेघेच्या मागे उकिडवी बसली. रेघेच्या अलीकडे बाई उभ्या होत्या. धाकटीने मान वर करून बघितलं.

‘‘ह्याच्यातून आवाज येतो का पलीकडचा?’’

सुपरवायझरने थोरलीकडे बघितलं.

‘‘लाकडाचा आहे ना? पट्ट्यांचा? मग येतच असणार.’’ ती उठली. ‘‘तुला कधी कळलं?’’

‘‘तू विचारलंस त्या संध्याकाळी.’’

‘‘मी विचारल्यावर ‘आहे’ म्हणालीस. त्याच्या आधी कळलं की नंतर?’’

हा प्रश्न कुठल्याही बैठकीत तिला कुणी विचारला नसता. तिथे ‘निदर्शनास आले’ म्हणता येतं.

‘‘आधी,’’ थोरली म्हणाली. ‘‘चप्पल काढताना.’’

धाकटीने मान हलवली. रडली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं, म्हणून तर नाही ओरडली.

‘‘मी त्या बायांना सांगत होते गं,’’ एवढंच म्हणाली. ‘‘रोज. तुझं नाव घेऊन.’’

थोरली मागच्या रेघेपाशी गेली. जिथे दरवाजा होता तिथे. तिने बुटाने रेघ पुसायला सुरुवात केली. एका घासण्याने फक्की जात नाही, नुसती पसरते. ती घासत राहिली.

‘‘मॅडम! मॅडम, काय करताय? उद्या मंत्री येणार!’’ सुपरवायझर धावला.

तिने फोन काढला आणि त्याच्या समोरच साहेबांना लावला. ‘‘साहेब, कोर्टाचा नकाशा उघडावा लागेल. टक्कर आहे.’’

‘‘मशीन शून्य दाखवतंय.’’

‘‘मी जागेवर उभी आहे. मारणारा आणि साक्षीदार एकाच लॉबीत येतायत. मी बघितलं.’’

‘‘कारण काय लिहायचं?’’

‘‘चूक माझी, असं लिहा. मी सही करते.’’

‘‘असं लिहायची पद्धत नाही, मॅडम.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मग खुर्चीचं विसरा,’’ साहेब म्हणाले. रागाने नाही, थकलेल्या आवाजात. फोन बंद झाला.

तिला वाटलं होतं, हे बोलून झालं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. दगड होता तिथेच होता. जे तिने आज केलं ते तिला त्या सकाळीच, साहेबांसमोर बसून करता आलं असतं. मग धाकटीला गुडघ्यावरच्या त्या हाताचं नाटक करावं लागलं नसतं.

ती वळली. धाकटी आणि बाई हेल्मेट काढून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवत होत्या.

‘‘थांब, मी सोडते,’’ थोरली म्हणाली.

‘‘नको. बस आहे.’’

‘‘अगं, दरवाजा परत काढते मी. आजच काढायला बसते. बघ, रेघ पुसलीय.’’

‘‘बघितलं.’’ धाकटी चार पावलं गेली आणि थांबली. ‘‘काढलास की मला सांगू नकोस, ताई. मी येऊन बघेन.’’

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी फाटकाकडे निघाल्या. थोरलीने आणलेल्या चपलांना पांढरी फक्की लागली होती, तिचे ठसे लॉबीभर उठले होते.

सुपरवायझर टेप घेऊन जवळ आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, ‘‘मॅडम, रेघ पुसली ते ठीक. पण ही पॅनेल रूम आता कुठे न्यायची?’’

तळघरात पाणी होतं, वर हवावाला होता, मधोमध सळईवाल्याचा खांब होता. थोरलीला माहीत नव्हतं. तिने पाटी उपटली. खालची माती सुटून तिच्या बुटांवर पडली. पाटी छातीशी धरून ती उन्हात त्या पांढऱ्या खोल्यांमधून एकेक करून फिरायला लागली.